बोदोच्या इंजिनातलं पाणी

बोदोची टॅक्सी मे महिन्यात माझ्याकडे आली तेव्हा तक्रार साधीच होती. इंजिन मध्येच अडखळायचं आणि चढावर बंद पडायचं. क्रीम रंगाची जुनी फ्रेंच गाडी. आमच्या डोंगराळ अंतानानारिवो शहरात अशाच गाड्या दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून लोण्यासारखा पांढरा फेस.

"वाफ कोंडलीय," मी म्हणालो. "पिस्टनच्या कडेने थोडा धूर, थोडी वाफ इंजिनाच्या पोटात उतरतेच. ही रबरी नळी ती कार्ब्युरेटरकडे नेते, तिथून ती धुराबरोबर बाहेर निघून जाते. नळी तुंबली की पाणी आतच राहतं."

"म्हणजे पोट साफ करायचं. करा सोलोफोदादा, मी तोवर भात खाऊन येते."

नळी धुतली. इंजिन चालू ठेवून ऑइलच्या तोंडावर कागद धरला. तो आत ओढला गेला, म्हणजे हवा नीट खेळत होती.

चौथ्या दिवशी ती परत आली. नळी काढली तशी पेलाभर पाणी गळलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला, म्हणजे पाणी तिथलं नव्हतं. तरी खात्रीसाठी इंजिनाच्या हेडचं पॅकिंग बदललं, पण पाणी येतच राहिलं. नितळ, वर ऑइलचा तवंगसुद्धा नाही. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर," मी म्हणालो. "माझी चेष्टा करतेयस का?"

बोदोनेही चाखून पाहिलं. गाडी तिच्या भावाची, तोजोची. तीन वर्षांपूर्वी पूर्व किनाऱ्यावर त्याची बोट उलटली. तो सापडला नाही. आमच्याकडे घराण्याच्या थडग्यात हाडं पोचली नाहीत, तर माणूस बाहेरच उभा राहतो. तिची आई अजून जेवताना दार उघडं ठेवायची.

"दादा, हे फेकू नका," ती म्हणाली.

मी नळीच्या मधोमध एक काचेची बाटली बसवली. कार्ब्युरेटरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. रोज बोटभर पाणी चढायचं. एकदा तळाशी वाळूचे चार कण दिसले. मी ते तसेच राहू दिले.

बाटली गळ्यापर्यंत भरली, त्या दिवशी पाणी थांबलं. झाकणाखालचा फेसही गेला.

जुलैत, पूर्वजांच्या हाडांना नवं रेशीम गुंडाळायला, घराण्याचं थडगं उघडायचं ठरलं. तोजोच्या कफनाचं रेशीम आईने तीन वर्षं पेटीत जपलं होतं. ते घेऊन बोदो भल्या सकाळी आली. मी बाटली सोडवून तिच्या हातात दिली. लिटरभराचं वजन, जास्त नाही.

"लोक म्हणतील, बोदो बाटली पुरतेय," मी म्हणालो.

"म्हणू देत. रिकाम्या हाताने गेले, तर आईला काय सांगू?"

तिने बाटली रेशमात गुंडाळली आणि शेजारच्या सीटवर ठेवली.

गाडी त्या बाजूला खाली बसली. धडधाकट माणूस आत बसावा, तशी.

बोदोने समोर बघतच गिअर टाकला.

"तिकडची काच उघडता का, दादा? त्याला कोंडल्यासारखं होतं."

मी वाकलो. बाकीच्या तिन्ही काचा कोरड्या होत्या. तेवढ्या एका काचेवर आतून वाफ धरली होती.