न वाढणारा नऊ नंबर

मेलेल्या मुलाने सहा गोल केले होते, आणि ते आकडेबाईंनी स्वतः मोजले होते.

फुटबॉल संघटनेच्या तळघरातल्या नोंदींच्या खोलीत त्या अठ्ठावीस वर्षं बसत होत्या. खरं नाव हजेरीपटापुरतं; बाकी सगळ्यांच्या तोंडी आकडेबाई. सध्या सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाच्या कामगिरीचं पुस्तक त्यांच्या गळ्यात पडलं होतं. प्रत्येक स्पर्धा, प्रत्येक सामना, कोण खेळलं, गोल कोणी मारला. पुस्तक जाडजूड आणि यश मुठीत मावेल एवढं. पन्नास वर्षांत एकच पदक, एकतीस वर्षांपूर्वीचं, तेही तिसऱ्या क्रमांकाचं. त्या संघातल्या नऊ नंबरचा घरचा पत्ता शोधून त्यांनी सत्काराचं निमंत्रण धाडलं होतं. उत्तर म्हणून त्याची आई आज समोर येऊन बसली होती.

सत्तरी ओलांडलेली बाई. निमंत्रण चार घड्या घालून मुठीत धरलेलं.

“माझा बारक्या सोळाचा होता,” ती म्हणाली. “विभागाचं निवड शिबिर संपलं त्या रविवारी नदीवर एक डुबकी मारून येतो म्हणाला. आलाच नाही.”

“आणि तो...” आकडेबाईंनी पुढचा शब्द गिळला.

“नाही मिळाला. म्हणून तर विचारायला आले.”

मग तिने सगळं सांगितलं. तो गेल्यावर आठ महिन्यांनी ती स्वयंपाक करत होती, रेडिओ चालू होता. समालोचकाने गोल झाला म्हणून सांगितलं आणि बारक्याचं नाव घेतलं, आडनावासकट, गावासकट. तिच्या हातातलं भांडं पडलं. घरात दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. पोराच्या दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळे म्हणाले, नवराही म्हणाला, आणि त्याने रेडिओ उचलून माळ्यावर टाकला. तिने संघटनेला पत्रं लिहिली. वर्षभराने एका ओळीचं उत्तर आलं, की असा खेळाडू आता संघात नाही.

“त्या ओळीत ‘आता’ होतं, बाई. म्हणजे आधी होता ना?”

तिने पिशवीतून काचेची चौकट काढली. वर्तमानपत्रातला संघाचा फोटो. दहा पोरं छाती काढून उभी, आणि डाव्या टोकाला अकरावा खाली वाकून बुटाची नाडी बांधतोय. तोंड दिसत नाही. मान, कान आणि केसांतला भोवरा तेवढा दिसतो. खाली बारक्याचं नाव.

“रोज बघते. त्याचे बाकीचे फोटो शिबिरातले एक जण हरवल्याच्या तक्रारीसाठी घेऊन गेले, जन्माच्या दाखल्यासकट. ते परत आलेच नाहीत.” ती थांबली. “मागच्या दाराची कडी मी अजून लावत नाही. तो त्याच दाराने यायचा. मला एवढंच सांगा, तेव्हा तो जिवंत होता का?”

आकडेबाई आकड्यांच्या बाबतीत कुणाच्या बापाला भीत नसत. पण या प्रश्नावर त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. आठ दिवस द्या, एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी त्या वरच्या मजल्यावर वयसाहेबांकडे गेल्या. हे वयपडताळणी समितीचे प्रमुख. वय चोरणारं पोर त्यांच्या नजरेतून सुटत नाही असा दबदबा. दात बघतील, हाडांचे फोटो काढतील, पण खरं वय काढतील. बारा वर्षं परदेशात नोकरी करून आलेले, पांढरी दाढी, सुटलेलं पोट. खोलीत शिरताना आकडेबाई दाराशी ठेवलेल्या खोक्यांना अडखळल्या. एकाच दुकानाची, एकाच तऱ्हेच्या काळ्या बुटांची दोन खोकी. एकातून नुसता डावा बूट डोकावत होता.

“असू द्या, आजच आणलेत,” म्हणत साहेबांनी खोकी पायानेच टेबलाखाली सरकवली. नऊ नंबरची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, “बाई, एकतीस वर्षं झाली. माउलीला भास झाला असेल. नावाच्या गोंधळापायी आपलं एकमेव पदक कशाला वेशीवर टांगता? एक ओळ गाळा, झालं.”

ओळ गाळायला सांगितलं की आकडेबाईंचं डोकं फिरे, हे साहेबांना ठाऊक असायला हवं होतं.

त्यांनी त्या संघातल्या दोघांना फोन लावला. दोघांचं सांगणं सारखंच. नऊ नंबर कुणाशी बोलत नसे. पहिल्या राष्ट्रीय शिबिराला पोरं देशभरातून आलेली, नऊ नंबरच्या विभागातून दुसरं कुणी नव्हतं, एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं. तो फोटोच्या वेळी हमखास वाकायचा. पदक मिळालं त्या रात्री तो झोपला, सकाळी खाट रिकामी होती. “आम्ही त्याला भूतच म्हणायचो,” एक जण हसत म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

तळघरात परतल्यावर आकडेबाईंनी संघाच्या डॉक्टरांची वही काढली. चौदा महिन्यांत तीन शिबिरं, तिन्ही वेळी प्रत्येकाची उंची मोजलेली. गोलरक्षक सहा सेंटिमीटर वाढला होता. दोन नंबर चार. सगळ्यात बुटका सात नंबर तर आठ सेंटिमीटर वाढला होता. त्या वयात पोरं वाढतातच, आया पँटी उसवून उसवून थकतात.

नऊ नंबर: एकशे चौऱ्याहत्तर. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे चौऱ्याहत्तर.

 मेलेली पोरं वाढत नाहीत. खोलीतला पंखा कुरकुरत होता, तोही त्यांना नकोसा झाला. त्या उठून बाहेर व्हरांड्यात उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे डोकं ठिकाणावर आलं, आणि मेलेल्यांशिवाय आणखी कोण वाढत नाही, याचा त्या शांतपणे विचार करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गोदामकाकांच्या घरी गेल्या. संघटनेचं सामान काकांनी चाळीस वर्षं सांभाळलं होतं. ते कधी मैदानावर गेले नाहीत, कुणा खेळाडूचं तोंड पाहिलं नाही. पेट्या जायच्या, पेट्या यायच्या, आणि प्रत्येक मोजा वहीत उतरायचा. शिबिराची शेवटची वस्तू जमा झाल्याशिवाय ते खातं बंद करत नसत, मग अध्यक्षांचा फोन येवो. निवृत्त होताना वह्या घरी घेऊन आले होते.

“नऊ नंबरला राष्ट्रीय शिबिरात बूट कितीचे दिले होते, काका?”

काकांनी पान काढलं. “आठचा एक जोड, नऊचा एक जोड. दर वेळी दोन.”

“बाकीच्यांना?”

“एकेक. मी तेव्हा कुरकुर केली होती. वरून निरोप आला, त्याचे पाय लहानमोठे आहेत, डावा नऊ आणि उजवा आठ.”

आकडेबाईंनी दोन्ही आकडे उतरवून घेतले. मग त्यांनी विचारलं, “त्याआधी, विभागाच्या शिबिरात? तेच नाव.”

काकांचं बोट खाली सरकलं. “सहा नंबर. एकच जोड.” मग ते थांबले. “हे बघा. जमा, पण पेटीतून नाही आले, मागाहून आले. ‘ओले. डाव्याची नाडी नाही.’ आणून देणारा शिबिराचा मदतनीस. सहीसुद्धा आहे.”

“कधी जमा झाले?”

“शुक्रवारी. शिबिर रविवारी संपलं, त्यानंतरचा शुक्रवार.”

रविवारी नदीवर गेलेल्या पोराचे बूट शुक्रवारी ओले परत आले होते, आणि पोर आलं नव्हतं. आकडेबाईंनी पाणी मागितलं. काकांचाही चेहरा उतरला. तीस वर्षांहून जास्त ही ओळ त्यांच्या कपाटात होती आणि त्यांना त्यात एक नाडी कमी असल्याचंच दुःख होतं.

त्यानंतर आकडेबाईंनी दोन दिवस रजा टाकली आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन जुन्या वह्या उपसल्या.

आठव्या दिवशी अध्यक्षांच्या खोलीत पाच जण बसले होते. अध्यक्ष, वयसाहेब, वही मांडीवर घेतलेले गोदामकाका, आकडेबाई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बारक्याची आई, चौकट छातीशी धरून.

“नऊ नंबर भूत नव्हतं,” आकडेबाईंनी सुरुवात केली. “भुताला बूट लागत नाहीत, याला दोन जोड लागायचे. तो चौदा महिन्यांत एक सेंटिमीटरही वाढला नाही, कारण त्याची वाढ आधीच संपली होती. तो विशीचा माणूस होता, बारक्याच्या दाखल्यावर खेळत होता.”

“हा अंदाज झाला,” वयसाहेब म्हणाले.

“पुढचं अंदाजाने नाही सांगत. विभागाच्या शिबिरात एक मदतनीस होता, वीस वर्षांचा. खेळ उत्तम, पण वय उलटून गेलेलं. त्याच्या हातात निवड झालेल्या मुलांची यादी होती. त्यातला एक मुलगा घरी पोहोचला नाही. मुलगा मेला असं ठरलं, तर त्याचा दाखलाही मेला. नुसता हरवला, तर कागद जिवंत राहतात.”

त्यांनी दवाखान्याच्या नोंदीची प्रत टेबलावर ठेवली आणि सावकाश वाचली. गुरुवार. नदीत सापडलेला मुलगा, वय अंदाजे सोळा, उजव्या भुवईवर जुना व्रण.

“झोपाळ्यावरून पडला होता,” आई हलक्या आवाजात म्हणाली.

“कमरेला नाडीने बांधलेल्या बुटांवर संघटनेचा शिक्का होता, म्हणून दवाखान्याने शिबिराला कळवलं. ओळख पटवायला मदतनीस गेला. त्याने लिहून दिलंय, ‘बूट आमच्या शिबिरातून चोरीला गेलेले, ते नेत आहे. मुलगा आमचा नाही.’ बूट तिथे सोडले असते, तर शिक्क्यावरून नाव निघालं असतं. नदीत फेकले असते, तर काकांनी खातं बंद केलं नसतं, नाव घेऊन विचारत राहिले असते. म्हणून त्याने जमा केले. गोदामातली कारकुनी त्याला नीट ठाऊक होती, पण काका नाडीसुद्धा लिहितात हे ठाऊक नव्हतं.”

अध्यक्षांनी सहीकडे पाहिलं, मग समोर भिंतीवर लावलेल्या वयपडताळणीच्या आदेशाकडे. त्याखालची सही तीच होती, फक्त वयाने मोठी झालेली.

“एकसारख्या बुटांची दोन खोकी तुमच्या टेबलाखाली आहेत,” आकडेबाई वयसाहेबांना म्हणाल्या. “आठ नंबर आणि नऊ नंबर. मी काल पाहून आले.”

 वयसाहेबांनी मान खाली घातली. आणि सवयीने म्हणा की हातांना काही तरी हवं म्हणून म्हणा, ते वाकून बुटाची नाडी चाचपू लागले.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. आई उठून त्यांच्याजवळ गेली, वाकलेल्या मानेकडे, कानाकडे, भोवऱ्याकडे बघत राहिली. मग हातातल्या चौकटीकडे. पुन्हा मानेकडे.

“हाच आहे,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं मी रोज याला बघते. याच्यासमोर दिवा लावते.”

वयसाहेबांनी डोकं वर केलं नाही. “तो गेलाच होता,” ते पुटपुटले. “मी मारलं नाही त्याला. कागद तेवढे उरले होते. मला एकदा खेळायचं होतं फक्त.”

“तुम्ही कागद न्यायला शनिवारी आला होतात,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी तुम्हाला जेवायला वाढलं. म्हणजे तेव्हा तुम्ही त्याला बघून आला होतात?”

वयसाहेबांनी हातातली नाडी सोडली.

“हो,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी घसा खाकरून पदकाचा विषय काढला. वय चोरलेला खेळाडू निघाला म्हणजे अकरा सामने रद्द, पदक परत, पुस्तकात उरणार भोपळा. हे घरातल्या घरात मिटवता येईल का, असं काहीसं ते बोलू पाहत होते. आकडेबाईंनी त्यांच्यापुढे टाइप केलेलं पान ठेवलं. अकरा सामने, प्रत्येकासमोर ‘रद्द’. सगळ्यात खाली बारक्याचं नाव: निवड झाली. सामने नाहीत. गोल नाहीत.

“सही करा,” त्या म्हणाल्या, “दवाखान्याची प्रत घेऊन मी पोलिसांकडे जाणारच आहे. सही नसेल, तर हे पानही असंच नेते.” अध्यक्षांनी सही केली. गोदामकाका दारापाशी जाऊन उभे राहिले, साहेब निघून जाऊ नयेत म्हणून.

आईने पान वाचायला मागितलं. बोटाने ओळ धरून वाचलं.

“निवड खरी होती ना?”

“खरी. यादीत पहिलं नाव त्याचंच.”

“आणि रेडिओवर नाव घेतलं होतं, तेही खरं?”

“घेतलं होतं, मावशी. तुम्हाला भास झाला नव्हता.”

ती तेव्हा रडली, पहिल्यांदाच. मग पदराने चौकटीची काच पुसली आणि ती वयसाहेबांच्या समोर टेबलावर ठेवून दिली.

त्याच संध्याकाळी आकडेबाई तिला घरी सोडायला गेल्या. दवाखान्याने बारक्याला बेवारस म्हणून जिथे पुरलं होतं, त्या दफनभूमीतल्या जागेचा क्रमांक त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. सकाळी दोघींनी तिकडे जायचं ठरलं. स्वयंपाकघराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई त्याच्यापाशी बरीच उभी राहिली, आणि मग कडी ओढायला लागली.

कडी गंजली होती, हलेना. आकडेबाईंनी चुलीजवळच्या बाटलीतलं तेल आणून बोटाने लावलं, आणि दोघींनी मिळून जोर लावल्यावर ती बसली.