बेटावरच्या मुंग्या

"आल्या! मेल्या आजही आल्या!"

मावशी अशी काही ओरडली, की तिघांनी पत्त्यांचा डाव अर्धवट टाकून स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. सगळ्यांत पुढे भिंग. हजेरीपटावर तिचं दुसरं नाव होतं, पण गळ्यात कायम भिंग लटकवून फिरणाऱ्या मुलीला आणखी काय म्हणणार? तिच्यामागे मावशीचा मुलगा लांबू. भिंगचा धाकटा भाऊ गोटू शेवटी पोहोचला, कारण त्याला आधी आपली पानं लपवायची होती.

स्वयंपाकघराच्या मधोमध टेबल होतं. त्यावरच्या ताटात साखरेची पांढरीशुभ्र फुलं वाळत ठेवली होती, आणि फुलांवर काळ्या मुंग्या सैरावैरा पळत होत्या! उद्या संध्याकाळी एका आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं व्हायची होती, त्यांच्या तीन मजली केकवर ही फुलं बसायची होती. नोकरी सोडून केकचा व्यवसाय सुरू केल्यापासून मावशीची ही पहिली मोठी ऑर्डर!

"काल चार फुलं गेली, आज पाच," मावशी खुर्चीत मटकन बसली. "आज पुन्हा नवी करते. उद्याही हेच झालं तर ऑर्डर नाही म्हणून कळवते आणि हा नादच सोडते. जाते परत ऑफिसात!"

तिचे डोळे भरून आले होते. भिंगला ते अजिबात बघवेना.

"तरी मी केव्हापासून म्हणतोय," दारातून काका, म्हणजे लांबूचे बाबा, म्हणाले. त्यांच्या हातात मुंग्या मारायच्या औषधाचा नवाकोरा डबा होता. "दोनदा फुस्स केलं की खेळ खलास!"

"खबरदार! खायच्या वस्तूंजवळ विष मारलंत तर सगळा केक फेकून द्यावा लागेल!"

भिंग एव्हाना टेबलाखाली शिरली होती. टेबलाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत होते. भिंत चांगली दोन हात लांब. म्हणजे टेबल नव्हे, बेटच!

"मग आल्या कशा? पोहून?" गोटूने विचारलं.

"हो, लाइफ जॅकेट घालून!" लांबू म्हणाला.

"गप्प बसा रे!" भिंग टेबलाखालून बाहेर येऊन ताटावर वाकली. "हे बघा, यांची रांगच नाही. मुंग्या वासाने रस्ता आखतात आणि त्याच रस्त्याने परत जातात. या बिचाऱ्या वाट शोधतायत! म्हणजे रस्ता होता, आणि कुणीतरी तो उचलून नेला!"

"मुंग्यांचा रस्ता उचलून नेला!" काका खो खो हसले. "अगं, सुट्टीत जरा मैदानावर जा. मुंग्या बघून कुणाचं भलं झालंय?"

भिंगचे कान लाल झाले, पण तिने शोध सोडला नाही. रांग सापडली ती भिंतीवर! खिडकीच्या फटीतून निघून ती थेट प्लगच्या बोर्डापर्यंत गेली होती. तिथे मुंग्या घुटमळत होत्या, बस चुकलेल्या माणसांसारख्या.

"वीज खातात की काय?" गोटूचे डोळे मोठे झाले.

"नाही रे! इथे रोज काहीतरी लागत असणार. इथून थेट टेबलापर्यंत!"

"आई रोज दोन ते तीन आडवी होते," लांबू हळूच म्हणाला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनलाच तिघं कोठीच्या दारामागे दबा धरून बसले. गोटूला शिंक आली, लांबूने त्याचं नाक दाबलं. तेवढ्यात चवड्यांवर चालत कोण आलं? काका! काखेत छोटा पंखा! त्यांनी तो टेबलावर ठेवला, वायर बोर्डात खुपसली, पंखा सुरू केला आणि खुशीत शीळ घालत खुर्चीवर बसले.

भिंगने भिंग डोळ्याला लावलं. एक मुंगी बोर्डावरून वायरवर उतरली. मग दुसरी. मग तिसरी!

"काका, हात वर!"

काका दचकून असे उठले, की खुर्चीच उलटली. त्या आवाजाने मावशी धावत आली. भिंगने लगेच पंखा बंद करून प्लग काढला. सगळ्यांत पुढची मुंगी अजून पंख्यापर्यंतच पोहोचली होती. ताट स्वच्छ होतं!

"अगं, हवेने फुलं लवकर वाळतील, तुझं काम हलकं होईल म्हणून..." काका पुटपुटले. "तू उठायच्या आत पंखा परत जागेवर ठेवायचो."

"पंख्याने पाकळ्या तडकतात म्हणून नको म्हटलं होतं ना!" मावशी आधी संतापली. मग काकांचा पडलेला चेहरा बघून तिला हसूच फुटलं. "केवढी ती मदत! मुंग्यांना पूल बांधून दिलात की हो!"

मग काय, काका झाले भिंगचे हमाल! बोर्डाला हात न लावता त्यांनी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन भिंतीवरचा माग पुसून काढला, म्हणजे वास मोडला. लांबूने खिडकीच्या फटीत लिंबाची सालं कोंबली. गोटूने वाट्यांच्या पाण्यात साबणाचा एकेक थेंब टाकला, त्यामुळे पाण्यावर पाय टेकायची सोय राहिली नाही. भिंगने अंगणाच्या कुंपणापाशी साखरपाण्याची बशी ठेवली. तासाभरात रांग तिकडे वळली. एकदाही फुस्स न करता!

संध्याकाळी केक वेळेवर गेला. थोड्या वेळाने फोन आला. मावशीने ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसले, पण या वेळी हसत हसत. "ते आजोबा म्हणतायत, फुलं इतकी छान आहेत की केक कापवतच नाही! आणि नातीच्या वाढदिवसाचा केकही माझ्याकडेच!"

"या पोरीमुळे," काका म्हणाले आणि भिंगसमोर कान पकडले. "मुंग्या बघून भलं होतं हो! आजपासून वाट्यांत पाणी भरायचं काम माझं."

पंख्याने तडकलेलं एक फूल मावशीने भिंगच्या हातावर ठेवलं. तिने लांबूला पाकळी दिली, गोटूला दिली, आणि शेवटची पाकळी घेऊन ती कुंपणाकडे निघाली.

"ती कुणाला?" गोटू किंचाळला.

"साक्षीदारांना!" भिंग म्हणाली, आणि बशीशेजारी पाकळी ठेवून तिथेच ऐसपैस बसली.