आडवं गाणं, उभं गाणं

सरावाची एकच खोली मालकाने आम्हा दोघांना एकाच वेळी दिली, तिथून हा वैताग सुरू झाला. मी की-बोर्ड घेऊन आत शिरते तर हा विस्कटलेल्या केसांचा माणूस आधीच गिटार जुळवत बसलेला! दोघंही हटेनात. भांडता भांडताच वाजवलं... आणि ते नेमकं शेजारच्या हॉलमध्ये नाटक बसवणाऱ्या माझ्या मावशीनं ऐकलं.

"माझ्या नाटकाचं संगीत तुम्ही दोघांनी करायचं," ती म्हणाली. झालं!

मी कॉम्प्युटरवर गाणं रचते ते डावीकडून उजवीकडे, सूर कसे छान आडव्या पट्ट्यांत दिसतात. याच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते आकडे, वरून खाली धावणारे.

"हे गाणं आहे की बसचं वेळापत्रक?"

"तुझं झोपलंय, माझं उभं आहे," तो हसत म्हणाला. हसताना त्याची एक भुवई वर जाते. मेला!

त्याची फाइल माझ्याकडे कधी धड उघडायची नाही. ड्रम जागेवर, तर बासरी गायब. मग तो रोज लॅपटॉप उचलून माझ्या घरी यायचा, वायर जोडायचा, एकेक वाद्य वाजवायचा आणि मी रेकॉर्ड करायचे. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागेल न लागेल असा... रेकॉर्डिंग चालू असताना बोलायची सोय नाही, म्हणून तो नुसता बघायचा. आणि चुकायचे मी!

नाटक परवावर आलं, तरी शेवटचं गाणं अर्धवटच. माझं डोकं फिरलं.

"बास! माझंच सॉफ्टवेअर वापरणारा कुणीतरी बघते मी. मला नाही झेपत हे."

त्यानं वायर गुंडाळली आणि तो गेला. थोड्या वेळानं त्याच्या फाइली आल्या. उघडल्या तर सगळं जिथल्या तिथे, बासरीसुद्धा! खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला रडूच फुटलं – आता तो कशाला येईल?

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तशीच उठले, त्याचं दार बडवलं.

"हे जमत होतं तुला?"

"...हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एक बटण असतं, दाबलं की फाइल कुठेही उघडते."

"आणि मी रोज बासरी शोधत बसले होते!"

"मग मी कुठल्या निमित्तानं आलो असतो?" तो खाली बघत म्हणाला. "आवडतेस मला. आता तुझं काम अडायला नको, म्हणून पाठवलं. जा, बघ कुणी दुसरा."

इतका संताप झाला की मी त्याची कॉलरच धरली... आणि मग ती सोडवेना.

"चल, गाणं पुरं करायचंय," मी म्हणाले. "आणि ते बटण पुन्हा दाबलंस ना, तर याद राख!"