‘दुसरी शिफ्ट’चा तिसरा कार्यक्रम

शुभदा त्या हॉलमध्ये गाणं ऐकायला गेलीच नव्हती. ती गेली होती सतरंजी परत करायला.

झालं असं, की सन पंच्याण्णवच्या जानेवारीत ती शिकवायची त्या शाळेचं गॅदरिंग उरकलं, आणि भिवंडीच्या ब्राह्मण आळीतल्या मंगल कार्यालयातून आणलेली भलीमोठी सतरंजी तिच्या गळ्यात पडली. “तुझ्या वाटेवरच आहे ना कार्यालय,” असं म्हणून मुख्याध्यापिकाबाई मोकळ्या झाल्या. शुक्रवारी दुपारी चार वाजता शुभदा ती गुंडाळी रिक्षातून उतरवून ओढत ओढत दारापर्यंत आली, तेवढ्यात आतून एक उंच, सावळा मुलगा धावत आला आणि त्याने सतरंजी तिच्या हातातून घेतली.

“बरं झालं आणलीत. खुर्च्या कमीच हायत... आहेत.”

ती तोंड उघडेपर्यंत त्याने सतरंजी स्टेजसमोर अंथरलीसुद्धा.

“अहो, मी ती परत द्यायला आलेय.”

“मग आता संपेपर्यंत बसावं लागेल,” तो हसून म्हणाला. “माणसं बसलेली सतरंजी आम्ही ओढत नाही.”

माणसं म्हणजे कोण, तर एकटी शुभदाच. पुढे हळूहळू सतरा झाली. त्यातली चार लग्नासाठी हॉलची चौकशी करायला आलेली.

बँडचं नाव ‘दुसरी शिफ्ट’. तिघंच जण. गाणी लिहिणारा, गाणारा आणि गिटार वाजवणारा चिंतामणी आळीतलाच, पोस्टात कारकून. ड्रमवर लडकू. तो खारबावचा, एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आणि सतरंजीवाला दामू जवळच्या अंजूर गावचा. चार वर्षं लूम चालवून आता बेस गिटार वाजवत होता. कार्यक्रम शुक्रवारीच ठेवायचे, कारण त्या दिवशी गावातले लूम बंद असतात आणि व्होल्टेज पुरं मिळतं. एरवी वाजवायला बसलं की गिटारचा आवाज बसायचा आणि ट्यूबलाइट लुकलुकायची. हॉलही लग्नाचे मुहूर्त नसतील तेव्हाच परवडायचा. म्हणून पहिला कार्यक्रम पौषात.

हे लोक दुसऱ्या कोणाची गाणी वाजवत नसत. सगळी स्वतःची, मराठीतली. मागून फर्माईश आली, “काहीतरी सिनेमाचं होऊ द्या.” चिंतामणीने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि शेवटची एस.टी. चुकलेल्या माणसाचं गाणं सुरू केलं. सात माणसं तिथेच उठली.

शुभदा मात्र उठली नाही. असलं काही तिने जन्मात ऐकलं नव्हतं. पहिली दोन मिनिटं तिला नुसताच गोंगाट वाटला. पण गोंगाटाची तिला भीती नव्हती. हळूहळू त्या गोंगाटाच्या पोटात एक सूर सापडला, त्या चुकलेल्या एस.टी.चं दुःख सापडलं, आणि तिच्या अंगावर चक्क काटा आला. एका बसचं आपल्याला एवढं का वाईट वाटावं, हे काही तिला कळेना.

आणि मग तिला दुसरंच काहीतरी दिसलं.

शुभदाच्या घराच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. चोवीस लूम, सकाळी सातपासून सुरू. त्या घरात कोणी ओरडून बोलत नसे, ओरडून उपयोगच नव्हता. आई चुलीपाशी उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि शुभदा ओसरीवरून मान डोलवायची. लूमवर राबणाऱ्या प्रत्येकाला हे ओठ वाचणं येतं. कोणी शिकवत नाही, चार महिन्यांत आपोआप जमतं. आवाज वाढला की शुभदाचे डोळे आपसूक समोरच्याच्या ओठांवर जायचे. तशी ती आत्ता दामूच्या ओठांकडे बघत होती. दामू वाजवता वाजवता अर्धवट मागे वळून लडकूला सांगत होता,

“ती पिवल्या ओढनीची अजून बसली हाय.”

ड्रम बडवता बडवता लडकूचे ओठ हलले, “सतरंजी तिची हाय. ती कशी जाईल?”

“न्हाय रं. ऐकतेय ती. डोले बघ तिचे.”

शुभदाने झटकन मान खाली घातली. ओढणी पिवळीच होती.

दुसरा कार्यक्रम आषाढात झाला. आली अकरा माणसं. शुभदा निळा पंजाबी ड्रेस घालून पहिल्या रांगेत बसली. दामू लडकूला म्हणाला, “आज निला घातलाय. निला हिला शोभत न्हाय, पिवलाच बरा.” शुभदाला राग यायला हवा होता. तो आला नाही, त्याने पिवळा लक्षात ठेवला याचाच तिला आनंद झाला. असं चोरून ऐकणं बरं नव्हे हे तिला कळत होतं. पण डोळे मिटून बसायचं तरी कसं?

कार्यक्रमानंतर दामू वायरी गुंडाळत होता. ती जवळ गेली.

“छान वाजवता तुम्ही.”

“बेस कोणाला ऐकू येत नाही. तुम्हाला आला?”

“आला की. पोटात येतो तो, कानात नाही.”

दामूच्या हातातली वायर थांबली. असं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“एक विचारू?” शुभदा म्हणाली. “आई म्हणते, निळा रंग मला शोभत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

“मला...? शोभतो की. चांगला शोभतो.”

“खरं?”

“खरंच.”

“पिवळ्यापेक्षा?”

दामूचे कान लाल झाले. त्याने वायर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. स्टेजवर एवढं बोलणारा हा माणूस समोर आल्यावर मुका का होतो, हे तिला समजेना. वायर दुसऱ्यांदा गुंडाळून झाली तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या वेळी... याल ना?” आणि एवढ्यावरच ते बोलणं संपलं.

भाद्रपदात ती रजिस्टर्ड पत्र टाकायला पोस्टात गेली, तर खिडकीत चिंतामणी.

“शुक्रवारी या, मॅडम. शेवटचा कार्यक्रम आहे.”

“शेवटचा का?”

“दामूला न्हावाशेवा बंदरात नोकरी लागली, क्रेनवर. सोमवारी चाललाय. राहणार पण तिकडेच.”

“मग तुम्ही दोघं वाजवा की.”

चिंतामणीने शिक्का उचलला आणि हवेतच धरला. “बेस कोणाच्या लक्षात येत नाही मॅडम, पण काढून घेतला ना, की गाणं उभंच राहत नाही.”

शुभदा घरी आली आणि जेवण सोडून गच्चीवर जाऊन बसली. दामू तिला आवडत होता, अगदी स्पष्ट आवडत होता, आता स्वतःशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. पण ती ब्राह्मण आळीतल्या सुधीर मास्तरांची मुलगी आणि तो अंजूरच्या आगरी घरातला. अंजूरला जाऊन त्याच्या दाराची कडी वाजवणं तिच्याने झालं नसतं, आणि तो इथे येऊन मास्तरांसमोर उभा राहील म्हणावं, तर तो माणूस ओढणीचा रंगसुद्धा धड सांगू शकत नव्हता. दोघं भेटायची एकच जागा होती, तो हॉल. शुक्रवारी काही बोलणं झालं नाही, तर पुन्हा कधीच होणार नव्हतं.

शुक्रवारी ती निघाली तर आई चपला घालून दारात उभी.

“मी पण येते.”

“आई, तुला नाही आवडायचं. फार आवाज असतो.”

“चोवीस लूम मला आवडतात म्हणून ऐकते का मी? सव्वीस वर्षं झाली,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “आणि पितृपक्षात कसलं गं गाणं-बजावणं? बघू तरी तू तिथे काय बघायला जातेस ते.”

दोघी हॉलवर पोचल्या तर बसायला जागा नाही. लडकूने आपल्या आणि शेजारच्या कारखान्यात सांगून ठेवलं होतं, की शुक्रवार आहे, सुट्टी आहे, पंखे आहेत, चहा फुकट आहे. सत्तरएक कामगार येऊन बसले होते. एवढी माणसं बघून बँडचंच धाबं दणाणलं. चिंतामणीने गिटार तीन वेळा सुरात लावली. मायलेकींना मागच्या रांगेत कोणीतरी उठून जागा दिली. शुभदाने पिवळी ओढणी घेतली होती.

आणि मग ते वाजवायला लागले. खरं सांगायचं तर तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं. लडकूचा ड्रम सुरू झाला आणि सगळ्या हॉलचे पाय हलायला लागले. पुढचे एक म्हातारे चाचा शेजाऱ्याला म्हणाले, “अरे, ये तो अपनाच लूम बजा रहा है.” एस.टी. चुकलेल्या माणसाचं गाणं आलं तेव्हा कोणी उठलं नाही. गाव सोडून आलेली माणसं ती, त्यांना ते गाणं शब्द पुरते न कळताही कळलं.

शेवटच्या गाण्याला आवाज अगदी टिपेला पोचला. दामू अर्धवट मागे वळला.

“लडकू, ती आलीय. सांगू काय?”

“मला काय इचारतो? तिला इचार.”

“कसं इचारू? समोर गेलो का तोंडच उघरत न्हाय.”

शुभदाला आता राहवेना. दामूने मान पुढे वळवली, त्याची नजर तिच्या नजरेला भिडली, आणि तिचे ओठ हलले,

“विचार.”

दामूचं बोट तारेवरून घसरलं.

“तुला... कळतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“सगळं?”

“निळा शोभत नाही, तेसुद्धा.”

दामूने क्षणभर डोळे मिटले. मग उघडले, आणि बेस वाजवता वाजवता, एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

“तू मला आवडतेस. लय आवडतेस. सोमवारी चाललोय. थांबशील माझ्यासाठी?”

आता इथे दोघांची एक चूक झाली, आणि ती भिवंडीतच होऊ शकते. एवढ्या आवाजात आपलं बोलणं आपल्यापुरतंच आहे, असं दोघं धरून चालली. समोर सत्तर माणसं बसली होती, आणि सत्तरच्या सत्तर लूमवरची.

आधी चाचांनी मान मागे वळवली. मग त्यांच्या शेजाऱ्याने. मग एकामागून एक रांग वळली. कोणी ओठांनीच विचारलं, “क्या बोला?” दुसऱ्याने ओठांनीच सांगितलं, “रुकेगी क्या, पूछ रहा है.” आणि सगळा हॉल स्टेजकडे पाठ करून शुभदाच्या उत्तराची वाट बघायला लागला.

शुभदाचं तोंड तापलं. तिने भीत भीत शेजारी पाहिलं. आई तिच्याकडे बघतच नव्हती. आई थेट स्टेजवरच्या दामूच्या ओठांकडे बघत होती, आणि आईला हे तिच्यापेक्षा चांगलं यायचं.

आता काय करायचं? गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. आई काही बोलली नसती, कामगार घरी गेले असते, आणि सोमवारी दामूही गेला असता.  ती उभी राहिली. नव्या कामगाराला मशीनवर समजावतात तशी, सावकाश, एकेक शब्द ओठांनी म्हणाली,

“थांबेन. पण यापुढे आवाज नसतानाही बोलायचंस माझ्याशी.”

दामू हसला. मान हलवली. आणि तेवढ्यात आईने शुभदाची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

 प्रमोदिनीबाईंनी पदर नीट केला, स्टेजकडे बघितलं आणि ओठ हलवले,

“पितृपक्ष संपला की घरी ये. मोठ्या माणसांना घेऊन. मास्तरांचं मी बघते.”

दामूचा बेस पुरता बंद पडला. पुढे चाचांनी पहिली टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवत सुटला, गाणं अर्ध्यात असतानाच. शुभदा रडत होती आणि हसतही होती, आणि आई तिला ओठांनी सांगत होती, “डोळे पूस, लोक बघतायत.”

चिंतामणीने यातलं काहीच पाहिलं नाही. तो डोळे मिटून गात होता. टाळ्यांचा कडकडाट कानावर आला तेव्हा तेच कडवं त्याने पुन्हा म्हटलं. आजही तो भेटेल त्याला सांगतो, की त्या शुक्रवारी भिवंडीला शेवटी ‘दुसरी शिफ्ट’ कळली, लोकांनी गाणं अर्ध्यात थांबवून टाळ्या दिल्या. न्हावाशेव्याहून सुट्टीला आले की दामू आणि शुभदा ही गोष्ट त्याच्याकडून दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतात. खरं काय ते दोघांनी त्याला आजवर सांगितलेलं नाही. आणि तसं पाहिलं, तर ते गाणं टाळ्यांच्या लायकीचं होतंच.