नीलकंठच्या घरचा बांबू

तो मोबाईल उलटा ठेव, अक्षत. उजेड डोळ्यात येऊन राहिला. दुर्वा, दार लोटून घे. अन् मधात कोणी ‘असं कसं होईल’ म्हणायचं नाही. ज्याला पटत नाही त्यानं जाऊन झोपावं.

आपल्या अधारताल मोहल्ल्यातला नीलकंठ. माझा रोजचा चहाचा सोबती. परियट नदीवर एका गावाच्या घाटाला त्याच्या बोटी चालायच्या, पाहुण्यांना फिरवायला. मागच्या कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. जेवण झालं, विनतावहिनींनी सुपारी कातरून दिली, अन् तो उठला. बोटीची बॅटरी चार्जिंगला घरी आणायची राहिली होती. थंडी म्हणून वहिनींनी निळा मफलर गळ्यात टाकला. स्कूटर काढली, निघाला. काम एवढंच.

आता त्या नदीत मगरी आहेत हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून त्या गावाची एक रीत. पाऊस सरला की घरटी एक बांबू निघायचा. नहाण्याच्या जागेभोवती पाण्यातच कुंपण रोवायचं, अन् ज्यानं त्यानं आपल्या बांबूला घरातली चिंधी बांधायची. बांधायचं आतून, उथळ पाण्यात उभं राहून. म्हणून गाठी सगळ्या काठाकडे. खोल पाण्याच्या बाजूनं कोण बांधायला जातो?

नीलकंठनं दसऱ्याला ते कुंपण उपटलं. बोट अडते म्हणे, पाहुण्यांचे फोटो खराब येतात म्हणे. त्याच बांबूंची त्यानं बोटीत चढायला मचाण केलं. दिवाळीच्या आत शाळेतल्या सुखदाबाईंची यशश्री गेली. तिसरीतली पोर. पाय धुवायला उतरली होती, जिथं कुंपण असायचं तिथंच. हाती काही लागलं नाही.

मग बैठक. एक म्हणे मगरी पकडून दूर सोडा. दुसरा म्हणे, "नर्मदा मैया का वाहन है भैया, हाथ मत लगाना." सुखदाबाई एवढंच म्हणाल्या, "कुंपण परत लावा."

नीलकंठ उठला. "मगर पुरात आली, पुरात गेली. आता तिथं काही नाही. पोरी सांभाळता येत नाहीत, अन् नदीला काहून बांधून राहिले?"

लाज नाही वाटली त्याला. माझा मित्र होता, तरी सांगतो. अन् गावाचं काय, ‘सीझन संपू द्या, मग पाहू’ असं ठरवून लोक चहा प्यायला गेले.

बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरचा बांबू कधी आला नाही, भाऊ. तो येईल."

तर त्या रात्री घाटावर चांदणं. आदल्या दिवशीचे विझलेले दिवे काठाला लागलेले. नीलकंठनं बॅटरी सोडवली, उचलली, वळला. गुडघाभर पाण्यात एक पोर उभी. पाठमोरी.

"ए पोरी, कोणाची तू? बाहेर निघ."

हलली नाही.

"ऐकू नाही येत का? मगर आहे तिथं."

तिनं मान वळवली.

"काका, तुम्ही तर नाही म्हणाले होते."

फ्रॉक पिवळा. घेराचा एक तुकडा फाडलेला. तो तुकडा कुंपण उपटताना त्यानं स्वतः बांबूवरून सोडून पाण्यात फेकला होता...

"आजोबा, मग ती यश—"

मधात नाही म्हटलं ना, दुर्वा.

बॅटरी हातातून सुटली. पळावं म्हटलं.

"तुमच्या घरचा राहिला, काका."

तिच्या हातात बांबू. ओला.

"धरा."

त्यानं धरला. काहून धरला, मी दवाखान्यात विचारलं त्याला. तो पुढचंच सांगत गेला...

मग पाणी हललं. तिच्या मागून. सरळ तिच्याकडे. ती घाबरली नाही. बाजूला झाली.

वाट दिली तिनं.

सकाळी कोळ्यांना तो काठावर सापडला. जिवंत. उजवा हात कोपरापासून नाही. दवाखान्यात माझ्याशी बोलला, ते एवढं. तिसऱ्या रात्री गेला. डॉक्टर म्हणाले, मगर. मगर तर मगर. मी कुठं नाही म्हणून राहिलो.

त्याची स्कूटर आणायला मीच गेलो. गाव बांबू घेऊन घाटावर जमलं होतं, पण पाण्यात कोणी उतरत नव्हतं. पाणी मोकळं, अन् मधात एकच बांबू रोवलेला. त्याला वहिनींचा निळा मफलर. सुखदाबाई काठावर उभ्या होत्या, कोरड्या साडीत.

मी काठावरून पाहिलं. गाठ दिसेना.

कोळ्याच्या नावेत बसलो, म्हटलं, पलीकडून घे...

घट्ट दुहेरी गाठ. दोन्ही हात लागतील अशी.

खोल पाण्याच्या बाजूनं.