परतीचा टप्पा

आई जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला एका बालवाडीत सोडायला गेले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दर बुधवारी एखाद्या बालवाडीत जाऊन बसायचं हा तिचा नेम सुटला नव्हता. मी तिला सोडून कचेरीत जाणार होते, पण सकाळची बैठक रद्द झाल्याचा फोन आला आणि मी वर्गाच्या दाराशीच थांबले.

आई मुलांच्या खुर्चीत बसली होती. गुडघे पार छातीशी आलेले. समोर चारेक वर्षांची एक मुलगी, तिच्यापुढे बिनरेघी कागद आणि जाड पेन्सिल. आई म्हणाली, "मुंगी लिही." मुलीनं कागदाच्या कोपऱ्यात एक इवलंसं वेटोळं काढलं. "आता आगगाडी लिही." या वेळी रेघ कागद ओलांडून टेबलावर गेली. आईनं तिला चूक म्हटलं नाही आणि शाबासही म्हटलं नाही. तिच्या पद्धतीत दोन्हीला बंदी होती. तिनं फक्त विचारलं, "काय लिहिलंस? वाच बघू."

"आगगाडी गेली," मुलगी म्हणाली. "सगळे बसून गेले."

आईनं ते शब्द जसेच्या तसे कागदाच्या तळाशी टिपून घेतले आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. तारखेशिवाय तिच्या हातून एकही कागद सुटत नसे.

परतताना गाडीत ती शेंडेफळाबद्दल बोलत होती. शेंडेफळ म्हणजे तिची शेवटची विद्यार्थिनी, आता विद्यापीठात आईच्याच विभागात शिकवणारी. तिला आईचा जुना निबंध नव्यानं छापायचा होता आणि सोबत बालक क्रमांक एककडून चार ओळी हव्या होत्या. "मी तिला म्हटलं, बालक क्रमांक एकला आता चाळिशीचा चष्मा लागलाय, आणि ते माझ्यावरच डाफरतं," असं सांगून आई हसली. मग सिग्नलला गाडी थांबली. समोर पाहत ती म्हणाली, "तेव्हा तुला काय होत होतं गं? काहीच आठवत नाही का?"

बालक क्रमांक एक म्हणजे मी.

"इतक्या लहानपणचं कुणाला आठवतं, आई?"

"असू दे," ती म्हणाली. सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या जागी गेली. चहाचा कप भरलेला होता. कामाला येणाऱ्या मावशींना वाटलं, डुलकी लागली असेल. त्यांनी आधी सगळं घर झाडून घेतलं आणि मग हाक मारली.

मला सगळं आठवत होतं. ते इथे लिहून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

लहान मुलं लिहायला कशी शिकतात, हा आईचा आयुष्यभराचा विषय. पहिलं मूल घरातच होतं. मी दोन वर्षांची असल्यापासून ती रोज दुपारी माझ्यासमोर बसे. मी नागमोडी रेघा ओढल्या, मग रेघेखाली गोळे आणि काठ्या टांगल्या, मग अक्षरं काढली. पाच पूर्ण व्हायच्या आत मी वाक्यं लिहू लागले आणि आईचं माझ्यासमोर बसणं संपलं. लिहिता येणाऱ्या मुलाशी तिचं काय काम? ती दुसऱ्या मुलांकडे जाऊ लागली. संध्याकाळी परत आली की तिच्या पिशवीत त्यांचे कागद असत. जेवताना ती त्यांच्याबद्दल बोले.

मी काही दिवस वाट पाहिली. मग एका दुपारी कागदावर पुन्हा नागमोडी रेघा काढल्या. आई हातातलं काम टाकून आली, समोर बसली, तिनं विचारलं, "काय लिहिलंस?" तिचे डोळे चमकत होते. सात महिने मी एकही अक्षर काढलं नाही.

त्या सात महिन्यांवर आईनं तो निबंध लिहिला. अक्षरं आलेलं मूल काही काळ रेघांकडे परत जातं, ही माघार नसते, मोठ्या झेपेची तयारी असते, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला नाव दिलं 'परतीचा टप्पा'. निबंध गाजला. पुढे इतरांनी शोध घेतला तेव्हा त्यांना असं मूल सापडेना. आईनं स्वतः एकवीसशे मुलं पाहिली. एका परिषदेत मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बाईंच्या घराबाहेर असं एखादं मूल आहे का?" सभागृह हसलं. मी पंधरा वर्षांची होते, पहिल्या रांगेत बसले होते. मीही हसले.

आज मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. खोटं कुठे बोललं गेलंय ते ओळखण्याचा मला पगार मिळतो.

निवृत्तीनंतरही आईकडेच राहिलेली तिची खोली विभागानं महिनाअखेरीपर्यंत रिकामी करून मागितली. तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. तीन लोखंडी कपाटं, खिडकीशी एक बुटकं टेबल, त्याच्या दोन बाजूंना मुलांच्या दोन खुर्च्या. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि डबाभर पेन्सिली. मी दुपारी दोन ते पाच तिथे बसून फायली लावत असे. किल्ली शिपाईकाकांकडे, वहीत सही करून न्यायची. काका आईला फार मानत. "बाई मला पण लिहायला लावायच्या," ते म्हणाले. "सही बघून म्हणायच्या, काका, तुमचं शेवटचं अक्षर कायम घाईत असतं."

पहिल्या सोमवारी दार उघडलं तेव्हा गठ्ठ्यावरच्या कागदावर नागमोडी रेघा होत्या. डावीकडून उजवीकडे, समुद्रासारख्या, पाच ओळी. एखाद्या फायलीतून निसटला असेल म्हणून मी तो बाजूला ठेवला. तारीख नव्हती, एवढं मात्र खटकलं.

मंगळवारी दुसरा कागद होता. या वेळी रेघ सरळ, घराच्या छपरासारखी, आणि तिच्याखाली गोळे आणि काठ्या टांगलेल्या. मुलं अक्षराआधी त्यावरची रेघ शिकतात, हे मी आईकडून शंभरदा ऐकलं होतं. कागद उलटा करून पाहिला. मागे रेघा बोटाला लागत होत्या. लिहायला नुकतं लागलेलं मूल असंच दाबून लिहितं.

मी काकांना विचारलं, कुणी लहान मूल येतं का इथे? ते म्हणाले, "ताई, या मजल्यावर लहान मूल शेवटचं बाईंनीच आणलं होतं. झाली त्याला पाच-सहा वर्षं." वहीत आई गेल्यापासून फक्त माझ्याच सह्या होत्या. दुसरी किल्ली नव्हती.

छाननीची सवय म्हणून बुधवारी निघताना मी गठ्ठ्यातल्या वरच्या पाच कोऱ्या कागदांच्या मागे बारीक सही केली. पेन्सिलींचा डबा पर्समध्ये घालून घरी नेला.

गुरुवारच्या कागदामागे माझी सही होती. पुढे पहिली खरी अक्षरं होती, वाकडी, आरशात पाहिल्यासारखी एखादी उलटी. मुलं पहिली अक्षरं स्वतःच्या नावातली उचलतात. ही माझ्या नावातली नव्हती. आईच्या माहेरच्या नावातली होती. त्या नावानं तिला हाक मारणारं कुणीही आता उरलं नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. लहानपणी आई फायली वाचत असताना मी दाराआड उभी राहायचे, तसं वाटत होतं. सापडण्याआधीचं.

त्यानंतर रोज एक. मी मोजत गेले, टप्पे ओळखत गेले. जी वाट कापायला मुलांना दोन वर्षं लागतात ती इथे बारा दिवसांत कापली जात होती, एकही पायरी न गाळता. पुढच्या शुक्रवारी कागदावर शब्द होते. पहिला, 'तेव्हा'. दुसरा, 'तुला'. तिसऱ्या शब्दाची फक्त वरची रेघ ओढलेली होती. तिच्याखाली काही टांगलेलं नव्हतं.

शनिवार-रविवार मी झोपले नाही. सोमवारी ती रेघ भरलेली असेल, गाडीतला तो प्रश्न पुरा झालेला असेल आणि मला त्याला उत्तर द्यावं लागेल, हे मला माहीत होतं. जिन्यावर तीनदा थांबले.

सोमवारी कागदावर नागमोडी रेघा होत्या. डावीकडून उजवीकडे, पाच ओळी.

मंगळवारीही रेघाच.

बुधवारी शेंडेफळ आली. तिला माझी सही हवी होती. आईच्या स्मरणार्थ निघणाऱ्या ग्रंथात पहिलाच तो निबंध होता, आणि आईच्या नावानं तिला पाच वर्षांची अभ्यासवृत्ती मिळाली होती. आपण दुसरं बालक शोधणार, असं ती म्हणाली. आईनं एकवीसशे पाहिली, ती पाच हजार पाहणार होती. लग्नाचं पुढे ढकललंय, हेही तिनं हसत हसत सांगितलं. बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. मी ते कागद क्रमानं मांडून ठेवले होते.

तिनं ते एकेक करून पाहिले. रेघा, छप्पर, नाव, शब्द, आणि पुन्हा रेघा. शेवटच्या दोन कागदांशी तिचा हात थांबला.

"ताई, हे कुणाचे?"

मी शेवटचा कागद सरळ केला.

"हे दुसरं बालक आहे," ती म्हणाली. "मॅडमना सापडलं होतं. तारखा घालायच्या राहून गेल्या फक्त. ताई, मॅडम बरोबर होत्या." डोळे पुसत, विभागप्रमुखांना बोलावून आणते म्हणाली आणि व्हरांड्यातून जवळजवळ धावत गेली.

मी कागदांकडे पाहत उभी राहिले. गप्प राहणं किती सोपं होतं. सदतीस वर्षांचा सराव होता. गप्प राहिले असते तर आई जिंकली असती, मागच्या रांगेतल्या माणसाला उत्तर मिळालं असतं, आणि शेंडेफळ पाच वर्षं, मग कदाचित आणखी तीस वर्षं, बुटक्या खुर्च्यांवर गुडघे दुमडून बसली असती. जे मूल कधी नव्हतंच त्याच्यासाठी.

मी मुलांच्या खुर्चीत बसले. खिडकीला पाठ करून.

"काय लिहिलंस?" मी रिकाम्या बाजूला विचारलं. "वाच बघू."

काहीच झालं नाही. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली.

मग माझ्या लक्षात आलं. खिडकीकडची खुर्ची नेहमी मुलाची असे. उजेड कागदावर पडावा म्हणून. आई दाराला पाठ करून बसायची.

मी मुलाच्या जागी बसले होते. प्रश्न विचारायचा मान माझा नव्हता.

समोरची खुर्ची किंचित मागे सरकलेली होती. मी आले तेव्हा ती टेबलाला लागून होती.

गठ्ठ्यावरचा कोरा कागद त्या बाजूला ओढला गेलेला होता. त्याचा वरचा कोपरा जरासा दबला होता, डाव्या हाताचा तळवा ठेवल्यावर दबतो तसा. पंखा चालू होता. बाकीचे सगळे कागद फडफडत होते.

दारात शेंडेफळ परत येऊन उभी राहिली होती. एकटीच. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या खुर्चीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती आईच्या तालमीत तयार झालेली. मूल सांगत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हळूहळू आजची तारीख उमटली.

"आई," मी म्हणाले, "मला लिहिता येत होतं."

पेन्सिलीचा आवाज आला. तो थांबेपर्यंत मी थांबले. टिपून घेणाऱ्याला वेळ द्यावा लागतो.

"सगळे सात महिने येत होतं," मी म्हणाले. पुन्हा थांबले. "मी मुद्दाम केलं. तू परत यावीस म्हणून."