श्वास घेणारे चार आबा

चादरीखाली एक पोट श्वास घेत होतं. त्याला डोकं नव्हतं.

आबांच्या डोळ्यांसमोर मात्र तरणतलाव होता, लहान मुलं पाय आपटत होती.



टेबलाशेजारच्या पडद्यावर त्या पोटातली केसाहून बारीक, निळी जाळी दिसत होती.

"आबा, श्वास रोखा ना," त्यांची नात शाल्मली कुजबुजली.

आबांनी रोखला. रुग्णालयाच्या सराव-खोलीतल्या टेबलांवरची चारही पोटं जागच्या जागी थांबली.

"आईशप्पथ!"

"भुतं नाहीत गं," आबांची शस्त्रक्रिया करणार असलेल्या डॉ. मुजावर हसल्या. "आबांच्या तपासणीवरून बनवलेल्या प्रतिकृती (हुबेहूब नकला) आहेत. आबांच्या छातीवरची पट्टी त्यांना श्वास पाठवते. खऱ्या शस्त्रक्रियेतही आतलं सगळं श्वासाबरोबर हलतं ना!"

"चार आबा घरी नेले तर आजी घर सोडेल," आबा म्हणाले. पण ते हसले नाहीत.

आबा मुलांना पोहायला शिकवत. त्यांच्या पुरःस्थ ग्रंथीत (मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी) कर्करोग होता. ती काढायचीच होती. पण काढताना तिच्याभोवतीच्या मज्जातंतूंना (मेंदूचे निरोप नेणारे धागे) किंवा शेजारच्या स्नायूला इजा झाली, तर लघवीवरचा ताबा सुटू शकतो. पोरांसमोर असं काही झालं तर? आबांना तीच भीती होती.

डॉ. मुजावरांनी यंत्रहाताने पहिली प्रतिकृती उघडली. मज्जातंतूंची जाळी निळी चमकली. पातं तिला शिवलंसुद्धा नाही. तरी ती एका कडेने विझत गेली. मग लघवीच्या जागी भरलेलं पाणी खालच्या ताटलीत गळू लागलं. टप. टप. प्रतिकृती मात्र संथ श्वास घेत राहिली, अगदी आबांसारखा.

"संपलं," आबा पुटपुटले. "तो मीच."

"पातं लागलं नाही, मग विझली कशी?" शाल्मलीने नाक आक्रसलं. "काहीतरी जळलंय!"

"नाक तिखट आहे तुझं," डॉ. मुजावर म्हणाल्या. " रक्त थांबवायला यंत्राने रक्तवाहिनी तापवून बंद केली. ती उष्णता शेजारी पसरली."

"मग तापवू नका ना! चिमटा लावा."

"लावतो आम्ही, अगदी बारीक. पण तो कुठे बसेल, हे प्रत्येक शरीरात वेगळं. म्हणून तर आधी इथे चुकायचं."

दुसऱ्या सरावात चिमटा निसटला. तिसऱ्यात डावीकडची थोडी जाळी काढावीच लागली, कर्करोग तिला चिकटला होता. चौथ्यात तेवढीच काढून उरलेली जाळी निळीच राहिली. ताटली कोरडी होती.

"म्हणजे आता नक्की?" आबांनी विचारलं.

"नक्की कसं सांगू, आबा? सुरुवातीला गळेलही. पण धोका बराच कमी झाला. आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम आजपासून, टाळाटाळ नको."

आबांनी मोठा श्वास सोडला. चारही पोटं एकदम खाली गेली.

"पाण्यात कधी उतरू?"

आता पोहणं संपलं असं धरून त्या दिवशी सकाळीच आबांनी आपला पोहण्याचा चष्मा शेजारच्या मुलाला देऊन टाकला होता.